पूर्णिमाचा आवाज होता ते खोकं

माझा सम्मेद लहानपणी नवी चप्पल आणली तरी जुनी टाकू द्यायचा नाही. दोन्ही जोड दारात. "नवी चावली तर?" म्हणायचा. आमचे हे, म्हणजे बाहुबली अण्णा, त्याला हसायचे. "कोल्हापुरात जन्मून चपलंला भितोस व्हय रं? चावंना का चार दिवस, मग तुझीच होतीय की." पण सम्मेद ऐकणारा नव्हे. नवी पायात बसली, ती घालून रंकाळ्याला जाऊन येणं झालं, फोड आला नाही, मगच जुनी कुणाला तरी द्यायची.

असला माणूस संगणकाच्या कामाला लागला ते एका परीनं बरंच झालं. शिरोलीकडं एका फौंड्रीच्या हापिसात तो मशीनं सांभाळतो. मशीनं म्हणजे भट्टीची नव्हेत, टेबलावरची. त्यांच्यात लिनक्स असतं. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, चित्र म्हणून नाही. मी कुरुंदवाडच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई, मला त्यातलं काय वाचता येणार? पण हा जेवताना तेच बोलत बसायचा. ऐकून ऐकून कळलं तेवढं सांगते.

मशीनच्या पोटात पॅकेजं असतात. आपल्या मांडणीवर डबे असतात तशी. फरक एवढाच, की तिथं एक डबा दुसऱ्याला टेकलेला असतो, दुसरा तिसऱ्याला. कुठंतरी परमुलखात माणसं ते डबे सुधारत बसलेली असतात. सुधारलेला डबा आला की जुना काढून तिथं तो ठेवायचा, त्याला म्हणायचं अपग्रेड. ठेवला नाही तर चोरांना वाट सापडते, आणि घाईनं ठेवला तर सगळी मांडणी अंगावर येते.

सम्मेद घाई करायचाच नाही. तो मला सांगायचा, "अव्वा, आधी मशीनला म्हणायचं, काय काय बदलणार ते नुसतं सांग, हात लावू नको. मग ते यादी दाखवतंय. नवं काय येणार, सुधारणार काय आणि निघून काय जाणार. लोक वरवर बघत्यात आणि व्हय म्हणून मोकळं होत्यात. मी निघून काय जाणार ते आधी वाचतो." त्यानंतर सगळ्या मशीनची प्रत काढायची, दुसऱ्या मशीनवर. ती प्रत चालवून बघायची. न चालवलेली प्रत म्हणजे मनाची समजूत, असं तो म्हणायचा. एखाद्या डब्याला धक्का लागू द्यायचा नसला तर तसं मशीनला बजावून ठेवायचं. एवढं सगळं झालं की मग कुठं व्हय म्हणायचं. हापिसातली माणसं वैतागायची. "सम्मेदराव, बटण दाबायचंय, लगीन ठरवायचं न्हाय!"

लगीन ठरवतानाही त्यानं असाच जीव काढला होता आमचा. गडमुडशिंगीला पूर्णिमाला बघायला गेलो. हा गप्प. तिचे वडील विचारतील तेवढंच उत्तर. शेवटी पोहे घेऊन आलेली पूर्णिमाच म्हणाली, "तुमच्याकडं बोलायला घरपट्टीसारखी पट्टी पडतीया काय?" मी तोंडाला पदर लावला. सम्मेदनं मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा मागचापुढचा विचार न करता व्हय म्हणाला.

पूर्णिमाचा आवाज बाईमाणसाच्या मानानं जाड, थोडा घोगरा. आमच्या शाहूपुरीतल्या घरात ती शिकवणी घ्यायची. आत ती पाढे म्हणून घ्यायची आणि बाहेर रस्त्यावरचा भाजीवाला बरोबरीनं म्हणायचा. हसायला लागली की मधेच श्वास अडकायचा तिचा, आणि मग दुप्पट हसू. सम्मेदच्या वाटणीचंही तीच बोलायची म्हणा की.

अपूर्वा झाली, ती चालायला-बोलायला लागली, आणि पूर्णिमाच्या हातातनं भांडी निसटायला लागली. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग जिभेत जडपणा आला. डॉक्टरनी सांगितलं, नसांचा आजार आहे. डोकं शाबूत राहील, डोळे राहतील, बाकीचं एकेक मिटत जाईल. बोलणंही जाईल.

दुसऱ्या दिवशी सम्मेद माइक घेऊन आला. मधल्या खोलीच्या खिडक्यांना वाकळा लावल्या, म्हणजे रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये. रोज दुपारी पूर्णिमा तिथं बसून वाक्यं वाचायची. हवामानाची, बँकेची, बसगाड्यांची, कसलीही. जीभ थकेपर्यंत वाचायची. मग पुण्याहून हेच आवाजाचं काम शिकणारा एक विद्यार्थी आला. गुणी पोरगा. आमच्याकडंच राहिला, जेवला, आणि सम्मेदच्या घरातल्या मशीनवर बसून त्यानं त्या वाक्यांचं एक पॅकेज बांधलं. अक्षरं लिहायची, मशीन पूर्णिमाच्या आवाजात बोलणार. तिनं जन्मात न उच्चारलेलं वाक्यही तिच्याच आवाजात.

तिचं बोलणं पुरतं थांबलं तेव्हा एक बोट तेवढं हलत होतं. बोटाखाली बटण दिलं. पडद्यावर अक्षरं उजळत जायची, हवं ते आलं की दाबायचं. पहिल्या दिवशी मी तिला चमच्यानं आमटी भरवली. ती बराच वेळ बटण दाबत राहिली आणि खोलीतनं आवाज आला, "अव्वा, मीठ इसरला की."

मी चमचा टाकून रडत बसले. चव घेतली तर खरंच अळणी होती.

असं आमचं बरं चाललं होतं. बरं म्हणायचं ते कशाच्या मानानं, हे ज्याच्या घरात आजारपण आहे त्याला कळेल. अंथरुणातनं ती अपूर्वाचा अभ्यास घ्यायची, भाजीवाल्याशी भाव करायची. आणि गेल्या पावसाळ्यात ते बोटही थकायला लागलं.

सम्मेदनं शोध काढला. डोळ्यांकडं बघणारा कॅमेरा मिळतो. ज्या अक्षराकडं बघाल ते अक्षर तो उचलतो. पण मशीन जुनं, कॅमेऱ्याला आतलं सगळं नवं पाहिजे. म्हणजे अपग्रेड. त्यानं नेहमीसारखं मशीनला विचारलं, काय बदलणार ते सांग. यादी आली. निघून जाणाऱ्यांत पूर्णिमाचा आवाज होता. ते पॅकेज जुन्या डब्यांना टेकूनच बांधलेलं. जुने डबे धरून ठेवले तर कॅमेरा चालणार नाही, सोडले तर आवाज राहणार नाही.

त्यानं वाट काढली. त्याच्या कॉलेजातलं एक जुनं खोकं, म्हणजे मशीनच, माळ्यावर होतं. ते खाली काढून, पुसून, त्यात घरच्या मशीनची जशीच्या तशी प्रत उतरवली. डोळे नव्या मशीनवर आणि आवाज जुन्या खोक्यात. मधे वायर जोडायची. तिनं डोळ्यानं इकडं लिहायचं, तिकडनं तिनं बोलायचं. हे सगळं तिच्या पलंगाशी बसून त्यानं तिला समजावलं. मी पाय चेपत होते, अण्णा बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात गेले होते.

तिनं बटण दाबत दाबत विचारलं, "प्रत काढली?"

"काढली."

"चालवून बघितली का?"

"आत्ता तू बोलतीयास ती त्यातनंच बोलतीयास की."

पूर्णिमाचे डोळे हसले. "मग घाबरता कशाला? करा."

जोडायचं सामान येईपर्यंत त्यानं ते खोकं कोठीच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवलं. पावसात आमच्या घराला खालनं ओल येते, ती एकच फळी कोरडी. धूळ बसू नये म्हणून वर अण्णांचं धुतलेलं पांढरं धोतर घातलं.

आता त्या फळीचं सांगायला पाहिजे. आम्ही जैन. भादव्यात आमचं दशलक्षण पर्व येतं. दहा दिवस, दर दिवशी एक धर्म पाळायचा. त्यातला एक दिवस उत्तम त्यागाचा. त्या दिवशी घरातलं काहीतरी द्यायचं, मोडकंतोडकं नव्हे, चालणारं, स्वच्छ केलेलं. आमच्या घरात द्यायच्या वस्तू त्याच फळीवर, पांढऱ्या कापडाखाली ठेवायचा शिरस्ता आहे, माझ्या सासऱ्यांपासून. सकाळी बस्तीत जाऊन आले की अण्णा कापडाखालचं उचलतात आणि कुणालातरी देऊन येतात. काय दिलं, कुणाला दिलं, बोलायचं नाही. बोलून दाखवलेलं दान उतरतं, असं ते मानतात. आम्हीही विचारत नाही.

सम्मेद त्याच घरात वाढला. त्याला का हे ठाऊक नव्हतं? पण त्याच्या डोक्यात त्या दिवसांत पूर्णिमाचे डोळे सोडून दुसरं काही नव्हतं.

अपग्रेड झालं. मशीन बंद होऊन चालू झालं आणि सम्मेदनं सोडलेला श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू आला. कॅमेऱ्यानं पूर्णिमाचे डोळे ओळखले. तिचा हात चादरीवर मोकळा पडला होता आणि अक्षरं भराभर उमटत होती. फक्त बोललं ते दुसरंच कुणीतरी. टेसनावर गाड्यांची नावं सांगणाऱ्या बाईसारखा कोरा आवाज.

"ही कोण भवानी?" त्या बाईच्याच तोंडून पूर्णिमानं विचारलं, आणि आम्ही सगळी हसलो.

"चार दिवस सोस तिला," सम्मेद म्हणाला. "त्या खोक्याला वायर जोडायला एक पट्टी लागतीय, मागवलीया. आली की तुला परत आणतो."

पट्टी आली तेव्हा त्यागाचा दिवस होऊन गेला होता. सम्मेद गुणगुणत कोठीत गेला. गुणगुणणं त्याला शोभतही नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अव्वा, फळीवरचं खोकं कुठाय?"

मी बाहेरच्या सोप्याकडं बघितलं. अण्णा पोथी घेऊन बसले होते. त्यांनी ऐकलं, पण वर बघितलं नाही. ओठांवर थोडं हसू होतं.

"अण्णा, खोकं?"

"लागलं मार्गी." एवढं बोलून अण्णा थांबले. पण पोराचं कौतुक त्यांना राहवेना. "मला काय वाटलं सांगू? जुनी चप्पल न सोडणारं आमचं पोरगं, आणि इचारल्याबिगर आपणहून पुसूनपासून, धोतर घालून ठेवलंस! म्हटलं, शिकलं."

"कुणाला दिलं अण्णा?"

"दिलेलं इचारू नये."

"अण्णा," सम्मेद खालीच बसला. "त्यात पूर्णिमा होती."

अण्णांना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा पोथी मांडीवरनं घसरली. आमच्या घरात पोथी जमिनीला लागलेली मी कधी बघितली नव्हती. अण्णांनी ती उचललीही नाही. अनवाणीच दाराकडं निघाले. "चल. गाडी काढ. चल म्हणतो न्हवं!"

एका बोर्डिंगमधल्या गरीब पोरांना दिलं होतं त्यांनी. काय झालं ते सम्मेदनं मला नंतर सांगितलं. तिथले सर दोघांना बघून खूष झाले. मशीन चालू होतं, पोरं समोर बसली होती. सर म्हणाले, "दान आलेलं मशीन आम्ही आधी पूर्ण पुसतो. देणाऱ्याचं काही खाजगी राहिलेलं असतं, ते दुसऱ्यानं बघू नये. मग सगळं नवीन टाकतो." चांगलाच माणूस. बरोबरच वागला. अण्णा चांगले वागले, सर चांगले वागले, सम्मेदनं तर एकही पायरी चुकवली नाही. सगळे चांगले वागले आणि माझ्या सुनेचा आवाज पुसला गेला.

अण्णांनी तिथं विचारलं म्हणे, "पुसलेलं परत निघत न्हाय व्हय?" सम्मेदनं ते खोकं मागून आणलं, त्याच्यापुढं बसला, आपल्या ओळखीतल्या जाणत्यांना फोन केले. काही निघालं नाही. पुण्याचा तो मुलगा आता परदेशात असतो. त्यानं लगेच उत्तर धाडलं, काका, माझ्याकडं प्रत नाही, मी नव्यानं बांधून देतो, पण महिने लागतील. डॉक्टरांनी आम्हाला महिने सांगितले नव्हते.

सम्मेद ओरडला असता तर बरं झालं असतं. अण्णा त्याच्यासमोर मुद्दाम जाऊन उभे राहायचे, दोन शब्द ऐकून घ्यायला. सम्मेद "जेवला काय अण्णा?" एवढंच विचारायचा. अण्णा उपास आहे म्हणायचे. पर्वाचे दिवस, उपासाला कोण हरकत घेणार?

पूर्णिमाला त्यानंच सांगितलं. तिचे डोळे पडद्याकडं वळले आणि ती टेसनवाली बाई म्हणाली, "अण्णांना कुणी काय बोलू नका."

पर्व संपलं की आमच्यात एकमेकांची क्षमा मागतात. धाकट्यानं थोरल्याची, थोरल्यानं धाकट्याची, सासऱ्यानं सुनेचीही. हात जोडायचे आणि उत्तम क्षमा म्हणायचं. बस्तीत झालं, गल्लीत झालं, अण्णा सगळ्यांपुढं हात जोडून आले. फक्त मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन परत फिरायचे.

तेवढ्या दिवसांत सम्मेदनं एक काम केलं होतं. आवाजाचं पॅकेज गेलं तरी ते ज्यातनं बांधलं ती तिची वाचलेली वाक्यं त्याच्याकडं तीन ठिकाणी ठेवलेली होती. पण ती बँकेची आणि बसगाड्यांची. क्षमेच्या दिवशी माणूस काय 'उद्या बँक बंद राहील' म्हणणार? मात्र वाचताना मधेच ती अडखळायची, वैतागायची, कुणाशीतरी बोलायची. कामाचं नाही म्हणून तेव्हा कापून बाजूला टाकलेले ते तुकडे त्यानं गोळा केले आणि तिच्या पडद्यावर एकाखाली एक मांडले. ज्याच्याकडं बघेल ते वाजेल.

दुपारी अण्णा शेवटी आत आले. मी हाताला धरूनच आणले. त्यांचा आवाज असा, की गल्लीच्या टोकाला हाक ऐकू जावी. आणि त्या दिवशी ओठ हलले तरी आवाज फुटेना. हात जोडलेले.

"पूर्णिमा... बाळ... उत्तम क्षमा."

पूर्णिमाचे डोळे पडद्यावर वरखाली फिरले आणि थांबले. आणि खोलीत तिचा स्वतःचा जाड, घोगरा, चिडलेला आवाज घुमला:

"अहो अण्णा, जरा हळू बोला की! दूधवाल्याशी भांडताय ते सगळं ह्यात उतराय लागलंय!"

आणि पाठोपाठ तिचं ते श्वास अडकणारं हसू.

अण्णा पलंगाशी खाली बसले. "बोलतो बाई. हळू बोलतो," म्हणाले. तिनं परत तेच लावलं. परत लावलं. तिसऱ्या वेळी अण्णा रडता रडता हसायला लागले, आणि सम्मेद उठून खिडकीपाशी गेला.

पुढं तिनं तेवढ्यावरच घर चालवलं. काही सांगायचं असलं तर ती परकी बाई बोलायची. पण आपल्या माणसाला आपल्या आवाजात हाक मारायची झाली तर ते तुकडे. सम्मेदसाठी होतं, "अहो, झालं का बंद? पाणी द्या की आता." अपूर्वासाठी होतं, "मायकात फुंकू नको गं माकडा!" अपूर्वा मुद्दाम पलंगाशी जाऊन फू करायची, म्हणजे आई ते लावेल.

मार्गशीर्षात पूर्णिमा गेली. दिवसाउजेडी, सगळी भोवती असताना. डोळे शेवटपर्यंत शाबूत होते.

सम्मेद कामावर जातो. हापिसातलं अपग्रेड तसंच करतो, यादी वाचून, प्रत चालवून. आता त्याला कुणी हसत नाही. अण्णा हळू बोलतात, इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागतं. कधी दुपारी मधल्या खोलीत जाऊन म्हणतात, "सम्मेद, तेवढं लाव रे बाबा," आणि सुनेची बोलणी खाऊन येतात.

एक दिवस मीही गेले. म्हटलं, "माझ्यासाठी काय हाय काय रं त्यात?"

त्यानं सगळे तुकडे लावून बघितले. एकेक. मी ऐकत बसले. अण्णा होते, अपूर्वा होती, भाजीवालासुद्धा होता. 'अव्वा' कुठंच नव्हतं.

"अव्वा, तू त्या वेळी जिन्यात जाऊन बसायचीस," सम्मेद हळूच म्हणाला. "कुकरसुद्धा लावायची न्हाईस. आवाज नको म्हणून."

व्हय की. रोज बसायचे. रेकॉर्डिंग चांगलं व्हावं म्हणून पायातली जोडवी वाजू द्यायची नाही.

उन्हाळ्यात परदेशातल्या त्या मुलानं नवीन पॅकेज पाठवलं. नव्या मशीनवर चालणारं. सम्मेदनं ते आधी दुसरीकडं चालवून बघितलं, मग मला बोलावलं. "अव्वा, हुबेहूब झालंय. 'अव्वा' एवढंच म्हणायला लावू? एकदाच?"

मी पडद्यासमोर बसले. त्यानं अक्षरं लिहिली. बटणावर त्याचं बोट होतं, आणि जीव माझ्या कानात गोळा झाला होता. हो म्हणायला तोंड उघडलंही मी.

"नको," म्हटलं. "ते तू म्हटलेलं हुईल. तिनं कुठं म्हटलंय?"

त्यानं बोट काढलं. लिहिलेलं तसंच पडद्यावर राहिलं. मला तेवढं वाचता येतं. अपूर्वा शाळेतनं येईपर्यंत आम्ही मायलेक तिथंच बसून होतो.